नमुन्याची माती

पहाटे खाटेवरून उतरताना, पाय जमिनीला लागण्याआधी, भय्याजी उजवा हात खाली नेऊन भूमीला स्पर्श करीत आणि तोच हात कपाळी लावीत. जिच्यावर दिवसभर पाय द्यायचा तिची क्षमा आधी मागावी, असे वडिलांनी बालपणी शिकवले होते. केस पांढरे होईपर्यंत या नियमात खंड पडला नव्हता. क्षमा मागण्यासारखे आपल्या हातून खरोखरच काही घडेल, अशी कल्पना मात्र त्यांना कधी शिवली नव्हती.

त्या वर्षी उन्हाळा लवकर चढला. वैनगंगेचे पात्र कारध्याजवळ इतके आटले की वाळूच्या पाठी उघड्या पडल्या, आणि गावातली बोडी, म्हणजे लहान तळे, तर चैत्रातच चिखलावर आली. वरठीकडे एका ठेकेदाराच्या हाताखाली कामाला जाणारा भय्याजींचा मुलगा कैलाश, ठेका संपल्यामुळे घरी बसला होता. बसला होता म्हणजे दिवसातून अनेकदा मोटारसायकल पुसत होता. गावचा एक सोबती हैदराबादेत होता; त्याने तिकडे बोलावले होते. कैलाशची पत्नी डिंपल याविषयी काहीच बोलत नसे. पण त्याचा फोन वाजला की तिचा भाकरीवरचा हात थांबे, हे भय्याजींची पत्नी शकुंतलाबाई पाहत असत.

अशात गावात करंजाची वार्ता आली. करंजाच्या बियांचे तेल काढून त्यापासून गाड्यांचे इंधन करणारी एक कंपनी जमिनी भाड्याने घेणार होती. मात्र धानाची जमीन तिला नको होती. जिथे धान नीट पिकत नाही, अशी खडकाळ, उताराची जमीनच ती पाहणार होती; आणि ज्याची जमीन निवडली जाईल त्याच्या घरातल्या एकाला रोपवाटिकेत कायमचे काम मिळणार होते.

"मामाजी, आपली बर्डी देऊन टाकू," डिंपल त्या संध्याकाळी सासऱ्यांना म्हणाली. "मंग ह्याइले हैदराबादले जाची गरज नाई."

'बर्डी' हा शब्द त्या अंगणात कित्येक वर्षांत कोणी मोठ्याने उच्चारला नव्हता. झाडीपट्टीत माणसाला त्याच्या मातीवरून ओळखतात. कन्हार म्हणजे काळी, खोल, पाणी धरून ठेवणारी माती. ती ज्याच्याकडे आहे त्याच्या दारी सोयरे आपण होऊन येतात. बर्डी म्हणजे तांबडे, गोट्यांचे, उघडे रान. भय्याजींच्या घराण्याचे नाव मोठे होते. गावच्या भागवत सप्ताहात पोथीला पहिला हार त्यांचा असे. पण वाटण्या होत होत त्यांच्या वाट्याला शेवटी बर्डीच उरली होती.

"वावराले नाव ठेवू नको," भय्याजी एवढेच म्हणाले.

"नाव ठेवून नाई राहिली. आहे ते सांगून राहिली."

कैलाश मोटारसायकलीच्या चाकाआडून हसला. "बाबा, आजपर्यंत त्या गोट्याइनं आपल्याले काय देलं? आता ते गोटेच नौकरी देऊन राहिले, त देऊ द्या ना!"

भय्याजी पायांत चपला सरकवून बाहेर पडले.

मातीची तपासणी करणारी शालू नावाची तरुणी भंडाऱ्याहून आली. शाळेच्या ओसरीवर गाव जमले. तिने कुदळीने इंग्रजी 'व्ही'सारखा खड्डा कसा घ्यावा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत कशी खरवडावी, ते करून दाखवले. धुऱ्याजवळची म्हणजे बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याची माती घ्यायची नाही. वावरात नागमोडी फिरून ठिकठिकाणची माती गोळा करायची, एकत्र कालवायची, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, आणि उरलेली सावलीत वाळवून कापडी पिशवीत आणायची.

"जेवणाच्या जमिनीत इंधन पेरायचं नाही, असा नियम आहे," ती म्हणाली. "म्हणून आधी पिशवीतली माती पाहू. ज्या जमिनीची माती धानाला कच्ची निघेल, तिथेच मग मोठा खड्डा खणून खोली मोजू. निकाल सर्वांसमोर इथेच वाचला जाईल."

"म्हंजे ज्याची माती नापास, तो पास!" मागून कोणी ओरडले, आणि ओसरी हसली.

भय्याजी हसले नाहीत. 'सर्वांसमोर' हा एकच शब्द त्यांच्या कानात राहिला होता.

दुसऱ्या दिवशी डिंपल आणि कैलाश बर्डीवर गेले. भय्याजी धुऱ्यावरच्या पळसाखाली उभे राहिले. कुदळ पडे आणि उसळून परत येई. डिंपलने पदर कमरेला खोचला होता. ती उकिडवी बसून बोटांनी गोट्यांमधली माती उकरून घमेल्यात टाकत होती. तांबडी, कोरडी, भाजल्यासारखी माती होती ती. त्याच धुऱ्यापलीकडे शेजारच्या परसरामची बांधी, म्हणजे बांध घातलेले धानाचे शेत, होती. परसरामच्या वडिलांना ते रान मिळाले तेव्हा तेही असेच उघडे होते. त्यांच्या घराने वर्षानुवर्षे बोडीचा गाळ डोक्यावरून वाहून ते काळे केले. धान निघाल्यावरही ती बांधी ओलसर, तुकतुकीत दिसे; जणू आताच कोणी सारवून गेले आहे.

याच धुऱ्यावर भय्याजी एकदा व्याह्यांना घेऊन उभे राहिले होते. लाखनीकडचे नत्थूजी मुलगी देण्याआधी वावर पाहायला आले होते. धान लोंबीवर होता. नत्थूजींनी विचारले, "माती कोनती म्हना?" भय्याजी म्हणाले, "कन्हार." आणि 'हे आपले' असे म्हणताना त्यांनी हात असा काही फिरवला की तो बर्डीवरून निघून परसरामच्या बांधीवर जाऊन थांबला. नत्थूजींनी मान डोलावली. सोयरीक जुळली. डिंपल पहिल्या रोवण्याला, धानाच्या लावणीला, या वावरात उतरली, त्याच दिवशी तिला सत्य कळले असणार. तिने ते तेव्हाही बोलून दाखवले नाही आणि नंतरही नाही.

माती घरी आली. पडवीत सावलीला वाळत पडली. सायंकाळी नत्थूजींचा फोन आला. "निकालाच्या दिवशी मी येतो जी. आमच्याबी गावात कंपनी येनार म्हनते. पाहून घेतो कसं कसं राहते त."

त्या रात्री भय्याजी पडवीत वाळणाऱ्या मातीकडे पाहत बसले. ओसरीवर आपले नाव पुकारले जाईल, त्यापुढे 'बर्डी' म्हटले जाईल, आणि नत्थूजी मान वळवून पाहतील. ते पाहणे त्यांना आताच अंगावर आल्यासारखे वाटले.

पिशवी पोचवायच्या दिवशी ते म्हणाले, "मी नेतो." भर दुपार होती. उन्हाळ्यातल्या सर्वांत कडक नऊ दिवसांचे, नवतप्याचे ऊन असे की कुत्रीसुद्धा नालीत शिरली होती. भय्याजी शाळेकडे न जाता वावराकडे गेले. परसरामच्या बांधीतल्या मोहाच्या झाडावर एक गमछा लोंबत होता. माणूस दिसला नाही. त्यांनी चपला धुऱ्यावर काढल्या. दुसऱ्याच्या वावरात चोरी करायला जाताना पायातले काढण्याची ही सवय कुठून आली, हे त्यांनाही सांगता आले नसते. ते गुडघ्यांवर बसले. पिशवी उलटी केली, तांबडी माती तिथेच सांडली, आणि शालूने शिकवल्याप्रमाणे खुरप्याने खड्डा घेऊन काळी माती वरपासून खालपर्यंत खरवडली. ठिकठिकाणची घेतली, कालवली, चार भाग केले, दोन टाकले. चोरीतही त्यांनी विधी चुकवला नाही. मातीचा गंध हाताला लागला. तो बोडीचा, जुन्या पाण्याचा गंध होता. घामाने भिजलेले हात धोतराला पुसत ते शाळेत गेले आणि पिशवी देऊन आले.

निकालाच्या दिवशी नत्थूजी पांढरी टोपी घालून पहिल्या रांगेत बसले. शेजारी भय्याजी. बायकांच्या बाजूला शकुंतलाबाई आणि डिंपल. परसराम आणि त्याची पत्नी पार्वताबाई मागे खांबाला टेकून होते. त्यांची जमीन या यादीतच नव्हती, पण गावाची गंमत कोणाला नको असते?

"व्याहीबुवा," नत्थूजी सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, "तुमची माती काय तपासाची? दरसाल नवा तांदूळ येते आमच्याकडे तुमच्या घरून. भात शिजला का शेजारपाजार विचारते. कन्हारच्या तांदळाचा वासच निराळा!"

नवा तांदूळ निघाला की मुलीच्या माहेरी गठडी पाठवायची, ही त्या घरची रीत होती. भय्याजी प्रसन्न हसले. आपल्या बर्डीत होतो तो जाडाभरडा हलका धान, त्याचा असा वास कुठून, हा प्रश्न त्यांना त्या क्षणीही पडला नाही. स्तुती ऐकताना माणूस फारसा विचार करत नाही.

शालू एकेक नाव वाचू लागली. कोणाची माती 'धानास अयोग्य' निघाली की ओसरी टाळ्या देई. मग भय्याजींचे नाव आले.

"उत्तम प्रतीची खोल काळी माती. धानास अत्यंत योग्य. करंज लागवडीसाठी ही जमीन घेता येणार नाही. अभिनंदन काका, अशी माती या तपासणीत दुसरी निघाली नाही."

नत्थूजींनी भय्याजींच्या पाठीवर थाप मारली. भय्याजींची छाती क्षणभर भरून आली. त्याच क्षणी त्यांची दृष्टी बायकांकडे गेली. डिंपल त्यांच्याकडे पाहत होती. तिच्या मुद्रेवर राग नव्हता. तिला जे कळायचे ते कळले होते, आणि आता ती आपले दोन्ही हात उलटे करून नखांत राहिलेली तांबडी माती पाहत होती. मागे खांबापाशी कोणी खोकले.

नत्थूजी त्या दिवशी मुक्कामाला राहिले. "जावाईबापू हैदराबादले जाऊन राहिले त त्याइले गाडीत बसवूनच जातो," ते म्हणाले. कैलाशने गाडीचे तिकीट फोनवर काढले. डिंपलने त्याचे कपडे घडी घालून पिशवीत भरले. कोणी कोणाला दोष दिला नाही. सायंकाळी तिने सासऱ्यांसमोर ताट ठेवले, पाण्याचा लोटा ठेवला. नेहमीप्रमाणे "घ्या मामाजी" एवढे मात्र म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच परसराम आला. नत्थूजी कैलाशसोबत बोडीकडे गेले होते. परसराम दाराबाहेरच, नेहमीच्या जागी, निंबाच्या सावलीत उभा राहिला.

"भय्याजी, अभिनंदन कराले आलो जी. माही माती पास झाली म्हनते!"

भय्याजींच्या हातातला अडकित्ता सुपारीवरच राहिला.

"मोहाखाली निजलो होतो. डोया उघडला त तुमी चपला काढून उभे. म्या म्हनलं, भय्याजी पूजाच कराले आले का काय!" तो हसला, मग ते हसणे त्याने आवरले. गमछ्याच्या पदराची गाठ सोडून त्याने मूठभर तांबडे गोटे ओट्यावर ठेवले. "हे तुमचे. बांधीत सांडले होते. पार्वताच्या पायाले रुतले."

"परसराम..."

"मांगतली असती त म्या सोता घमेलं उचलून देलं असतं. चोरून कायले न्याची?"

"तू तवाच काहून नाई हटकलं?"

"काय हटकू? तुमचा बाप माह्या बापाले धुऱ्यावर बसू नाई देत होता. त्याचा पोरगा माह्या मातीत गुडघे टेकून बसला. पाहू वाटलं मले. खोटं कायले बोलू?" परसराम थांबला. पुढचे बोलावे की नाही, याचा तो विचार करीत होता. "अन् तांदळाचं सांगू का? काल तुमचे व्याही वास सांगून राहिले होते तो. तुमची सून दर रोवण्याले माह्या बांधीत येते. पैशे नाई घेत. म्हनते, काका, मले धानच द्या. तोच तांदूळ तिच्या बापाघरी जाते. तुमची जबान खाली पडू नये म्हनून वाकते ते. अन् तुमी तिचा नवरा हैदराबादले धाडता."

तो गेला.  भय्याजींनी ओट्यावरून आत पाहिले. शकुंतलाबाई सुपात तांदूळ निवडत होत्या.

"तुले मालूम होतं?"

"गठडी मीच बांधते ना," सुपावरून नजर न उचलता त्या म्हणाल्या. "बचत गटात जाते, असं तुमाले सांगाले म्याच लावलं तिले."

"मले काहून नाई सांगतलं?"

"तुमाले सांगून कोनाचं भलं झालं असतं? तुमी रोवण्याले जाऊ देलं नसतं, अन् मंग तांदूळ कोठून आला असता?"

 आपण ज्या प्रतिष्ठेवर ताठ बसलो, ती या दोन स्त्रियांनी गुडघाभर चिखलात वाकून खालून धरून ठेवली होती. भय्याजींना आपला ताठपणाच अशुचि वाटू लागला.

निकालावर कोणाची हरकत असेल तर शालू त्या दिवशी दुपारपर्यंत शाळेत बसणार होती. हरकती येत होत्या त्या साऱ्या एकाच तऱ्हेच्या : माझी माती वाईट ठरवली, ती चांगली आहे. भय्याजी आले आणि म्हणाले, "माही माती चांगली ठरवली. ते वाईट हाये."

शालूने वर पाहिले. "काका, नमुना तर तुम्हीच दिला होता."

"वावरावर चला. तिथं सांगतो."

ओसरीवरचे लोक उठले. गावात अशी गोष्ट पायांआधी पोचते. बोडीकडून नत्थूजी आणि कैलाश आले. घरून शकुंतलाबाई आणि डिंपल. परसराम आपल्या मोहाखाली होता, तो धुऱ्यापर्यंत आला.

शालूने सोबतच्या मजुराला हाक मारली, पण भय्याजींनी त्याच्या हातून खणायची सब्बल घेतली. "मीच खनतो." पहिला घाव घातला तेव्हा लोखंड गोट्यावर खणकले आणि त्यांच्या खांद्यापर्यंत झिणझिणी गेली. कैलाश पुढे झाला; त्यांनी त्याला हाताने मागे सारले. धोतर घामाने मांड्यांना चिकटले. तळहाताला फोड आला आणि फुटला. माती निघत होती थोडी, गोटेच अधिक. खड्डा गुडघाभर झाला तेव्हा त्यांचा श्वास सर्वांना ऐकू येत होता. तळाशी तांबडा मुरूम लागला.

शालू वाकली, मूठभर माती बोटांत चुरली. "ही पिशवीतली माती नाही."

"नाई." भय्याजी खड्ड्यातच उभे होते, सर्वांची तोंडे त्यांच्याहून उंचावर होती. "ते परसरामजीच्या बांधीतली होती. म्या चोरून नेली."

'परसरामजी' ऐकून दोघातिघांनी एकमेकांकडे पाहिले. परसराम पाहत राहिला, हसला नाही.

"काहून जी?" नत्थूजींनी विचारले.

"तुमी निकाल ऐकाले येनार होते म्हनून." सब्बल टेकून ते म्हणाले, "व्याहीबुवा, वावर पाहाले आले तवा तुमाले म्या ज्या वावरावर हात दाखवला, ते माहं नव्हतं. माहं हेच. अन् तो तांदूळबी माह्या घरचा नाई. तुमच्या लेकीनं दुसऱ्याच्या बांधीत रोवणा करून कमावला अन् तुमाले धाडला. मान म्या खाली घालाची, त ते वाकत राहिली."

वारा नव्हता. पळसाचे पानही हलत नव्हते. नत्थूजींनी डोक्यावरची टोपी काढली, घडी केली आणि खिशात घातली. मग ते सावकाश खाली बसले, ढिगातला एक तांबडा गोटा उचलून हातात तोलला.

"हा नेतो मी," ते म्हणाले.  "घरी तिची माय हाये, भाऊ हायेत. चूल पेटली का तुमच्या कन्हारचं नाव निघते. दाखवतो त्याइले, कोनत्या कन्हारात पोरगी देली त."

गोटा घेऊन ते वळले. भय्याजींनी त्यांना थांबवले नाही. थांबवण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे त्यांना समजत होते. तो गोटा लाखनीच्या वाटेने जाईल, ओट्याओट्यावर दाखवला जाईल, आणि ते न्याय्यच होईल.

"बाबा," डिंपल म्हणाली.

नत्थूजी थांबले. ती चालत पुढे आली आणि बापापुढे हात पसरून उभी राहिली.

"ठेवा तो गोटा. तो माह्या वावरातला हाये."

"डिंपल, तुले फसवलं यानं."

"मले मालूम हाये. पहिल्याच रोवण्याले पायाले समजलं. मामाजीसंगं मी भांडीन का नाई भांडीन, ते मी पाहून घेईन. पन माह्या घरची वस्तू तुमी गावोगाव दाखवाले नेऊ नका."

बाप लेकीकडे पाहत राहिला. मग त्याने गोटा तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो ढिगावर टाकला, आणि तो इतर गोट्यांत मिसळून दिसेनासा झाला.

शालूने खड्ड्यात फूटपट्टी उभी केली. "खाली मुरूम आहे, कातळ नाही," ती हळूच म्हणाली. "करंजाची मुळं जातील. नवा नमुना मी स्वतः घेते, काका. पहिल्या पिशवीचं काय झालं, ते मात्र मला लिहावं लागेल."

"लिवा," भय्याजी म्हणाले.

कैलाशने फोन काढला, तिकिटाकडे पाहिले, आणि काही न करता परत खिशात ठेवला. लोक पांगू लागले. नत्थूजी लेकीशी बोलत धुऱ्यावरून निघाले. व्याह्यांचा निरोप त्यांनी घेतला नाही.

डिंपल मागे राहिली. खड्ड्यातून वर यायला सासऱ्यांना आधार हवा होता. कोणाला हाक मारावी, हे भय्याजींना सुचेना. ती काठावर येऊन उभी राहिली, तेव्हा दमून खड्ड्यातच खाली बसलेल्या त्यांच्या डोळ्यांसमोर तिचे पाय आले. इतकी वर्षे ती पदर सावरून त्यांच्यापुढून जात-येत होती. तिचे पाय त्यांनी कधी पाहिले नव्हते. टाचांच्या भेगांत काळी माती बसली होती, धुऊनही न निघणारी. आणि तिच्यावर आज पुन्हा बर्डीची तांबडी धूळ चढली होती.

सासऱ्याने सुनेच्या पायांना हात लावावा, अशी रीत कुठे नाही. भय्याजींनी फुटलेल्या फोडाचा उजवा हात पुढे केला, तिच्या पावलांपासून वीतभर अलीकडे, तापलेल्या भूमीवर टेकला आणि कपाळाला लावला.

 डिंपलने खाली वाकून तो हात धरला आणि त्यांना वर ओढले.